साऱ्या वरवटचा एकच ईमेल

वरवट बकालात हिंमतरावांची नर्सरी कुठं आहे, हे कोणाला विचारावंच लागत नाही. रस्त्याला लागून मोठा हिरवा बोर्ड, त्यावर मिरची-वांग्याची रोपं, त्याखाली फोन नंबर, आणि खाली अजून बरीच जागा उरली म्हणून पेंटरनं ईमेलही लिहून टाकला. अक्षरं एवढी ठळक की चालत्या एसटीतून वाचून घ्या.

तो ईमेल हिंमतरावांनी दहा-बारा वर्षांपूर्वी एका कृषी मेळाव्यात काढला होता. तेव्हापासून गावात रीतच पडून गेली, ज्याच्याजवळ ईमेल नाही त्यानं हिंमतरावांचा द्यायचा. समताच्या ऑनलाइन सेंटरवर कोणी फॉर्म भरायला बसलं आणि ती ईमेलच्या रकान्यापाशी थांबली, की समोरचा माणूस बिनधास्त म्हणायचा, "टाक ना हिंमतरावाचा!" समताला तर तो पाठच झाला होता.

आता वाटेल की हिंमतरावांना याचा ताप होत असेल. छे! माणूस एकदम खुश. सकाळी रोपांना पाणी दिलं की चष्मा लावून साऱ्या गावाचे मेल वाचायचे आणि मग घरोघरी सांगत फिरायचे. "पंजाबराव, तुमचा विम्याचा अर्ज पोचला बरं!" "पुष्पाबाई, तुमच्या आधारले मोबाईल नंबर जोडा म्हणून राह्यले थे लोकं." जनकाबाई, म्हणजे त्यांची बायको, मागून ओरडायची, "झिजवा चपला! पोस्टमनले पगार तरी भेटते, तुम्हाले काय भेटते?" भेटत होतं ना. ज्या दारात जातील तिथं चहा, आणि "बसा हिंमतभाऊ."

आणि मेलमध्ये 'हा पत्ता तुमचाच आहे ना?' असं विचारणारं निळं बटन आलं, की हिंमतराव ते दाबायचेच. गावातल्याच कोणाचं तरी काम असणार, आपल्यामुळं अडायला नको.

यंदा भादव्यात एका पेमेंट कंपनीचे तीन मेल आले. नवीन खातं उघडल्याबद्दल अभिनंदन. खाती तीन, नावं तीन. एक धीरेंद्र, एक मयूरेश आणि एक नुसताच के. के. हिंमतरावांनी नेहमीसारखं तिन्ही बटनं दाबली आणि दोन दिवस गावात धीरेंद्रला शोधत फिरले. "कोणाचा जावई तं नाही ना आला?" असं पारावर विचारलं, तर सारे हसले.

तिसऱ्या दिवशी चौथा मेल आला. तुमच्या खात्यावरून फसवणूक झाल्याची तक्रार आली आहे, खातं थांबवलं आहे.  चहा तसाच ठेवून हिंमतराव समताकडं गेले.

समतानं मेल वाचला आणि डोक्याला हात लावला.

"मामा, हे तिघं आपल्या गावातले नाहीच. भलतेच लोकं तुमच्या बोर्डावरच्या ईमेलवर खाते उघडून राह्यले. आन् कंपनीनं इचारलं पत्ता तुमचा का, तं तुम्ही तिन्ही खेपा हो म्हटलं!"

"मले वाटलं आपल्यातलंच कोणी असन."

"पण इचारल्याबिगर काऊन दाबता?"

"अवं, एखाद्याचं काम अडलं असतं तं?"

 रागवावं की हसावं तेच समताला कळेना. शेवटी म्हणाली, "हा ईमेलच बंद करून टाका. नवा काढू."

हिंमतराव लगेच हो म्हणणार होते, आणि तेवढ्यात त्यांना काजल आठवली. भगवानरावांची काजल. नर्सिंगचा फॉर्म तिनं याच ईमेलवर भरला होता. शुक्रवारी जागेचं पत्र यायचं होतं, एका दिवसात होकार द्यायचा होता, आणि फॉर्म बदलायची तारीख कधीच निघून गेली होती.

"मेल बंद नाही करायचा," हिंमतराव म्हणाले.

"आन् पोलीस आले तं?"

"येऊ दे. चहा पाजतो. पोट्टीची शीट नाही जाऊ द्यायची."

समतानं खुर्ची पुढं ओढली. मग दुकानातल्या बाकी लोकांना "उद्या या" म्हणून ती कामालाच लागली. पासवर्ड बदलला, उघडताना मोबाईलवर कोड यावा असं केलं, ही खाती आमची नाहीत, बटन चुकून दाबलं, असं कंपनीला कळवलं, सायबरची तक्रार नोंदवली. दोघं ठाण्यातही जाऊन आले. तिथल्या बाईंनी मोबाईल बघितला आणि विचारलं, "काका, अर्धं गाव यातच राहते का?"

पण ते दिवस काही बरे गेले नाहीत. पंजाबराव लांबूनच "काय धीरेंद्र, जेवले का?" म्हणायचे. हिंमतराव हसायचे, पण ताटातली भाकरी तशीच राहायची. एरवी टोमणे मारणारी जनकाबाई ताट पुढं सरकवायची. एकदाच म्हणाली, "तुम्ही चोर नाही, हे साऱ्याले ठाऊक आहे. जेवा."

गुरुवारी कंपनीचं उत्तर आलं. तिन्ही खाती बंद, तुमचा यात संबंध नाही. हिंमतराव त्या दिवशी तीन भाकरी जेवले.

आणि शुक्रवारी सकाळी काजलचं पत्र! जागा मिळाली होती! खाली तेच निळं बटन, 'होकार द्या'. हिंमतरावांचा अंगठा बटनापर्यंत गेला आणि थांबला. ते तसेच भगवानरावांच्या वावराकडं निघाले, जवळजवळ पळतच. काजल भेंडी तोडत होती.

"घे. तुयं आहे, तूच वाच, तूच दाब."

काजलनं हात ओढणीला पुसले. कॉलेजचं नाव वाचलं, स्वतःचं नाव दोनदा वाचलं, पत्र कुठून आलं तेही तपासलं. मग दाबलं. आणि तिथंच भेंडीच्या ओळीत बसून रडायला लागली.

"अवं, झालं ना? मंग रडतं काऊन?"

"झालं काका!"

"आता सोताचा ईमेल काढ बरं. गेल्या गेल्या."

"काढते. पयला मेल तुम्हालेच धाडते."

"मले?" हिंमतरावांना हे नवीनच होतं. "मले काय लिहशीन?"

"जेवले का, म्हणून."

हिंमतरावांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि ती तोडायची राहिलेली ओळ दोघं मिळून तोडायला लागले.