मास्तरचे चार सॅक्सोफोन

मी डूख धरणारा माणूस आहे. घरातले म्हणतात, वय झालं, आता सोडून द्या. मी सोडलेलं नाही. ज्याच्यावर डूख धरला तो बँडमास्तर कधीच मातीआड गेला, तरी त्याचं कुणी कौतुक करायला लागलं की हातातला चहा मला कडू लागतो.

धाराशिवात तेव्हा निजामाचा अंमल होता, आणि लग्नात बँड म्हटला की याच मास्तरचा. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बँड निघाला तेव्हापासून पुढच्या रांगेत उभं राहणारे ते एकटेच उरले होते. पुढं त्यांचे वरचे दात पडले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली घट्ट धरावं लागतं. दात नसले की सूर हातातून निसटतो. एका अडत्याच्या पोराच्या वरातीत, भर बाजारात, अंतऱ्याच्या चढत्या सुरावर दादांची क्लॅरिनेट चिरकली. मास्तरनं हात वर करून सगळा बँड थांबवला.

"म्हातारबा, तुमच्यानं आता व्हत न्हाय," तो म्हणाला. "कोट काढा."

लाल कोट बँडचा होता, हे खरं. पण तो घरी येऊन मागता आला असता. दादांनी तिथंच एकेक बटण सोडलं. आत काखेत फाटलेली बंडी होती. त्या बंडीवर, बगलेत क्लॅरिनेट धरून, ते बाजारातून घरापर्यंत चालत आले. लोक हसले. मी त्याच बँडमध्ये मागं झांजा वाजवत होतो. झांजा रस्त्यात टाकल्या आणि दादांच्या मागं निघालो. घरी आल्यावर त्यांनी भाकरी खाल्ली, हात धुतले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मी उंबऱ्यावर बसून दातओठ खात होतो. या माणसाला असंच, सगळ्यांच्या देखत, वाजवता वाजवता गप्प करायचं, हे मी तिथं बसल्या बसल्या ठरवलं.

त्याला एक जागाही होती. आमच्याकडं वऱ्हाड गावाच्या वेशीशी आलं की नवरीकडची वाजंत्री त्याला आणायला पुढं जाते. नवऱ्याकडची वाजंत्री समोरून येते, आणि दोघं वेशीत भिडतात. समोरासमोर उभं राहून वाजवायचं. ज्यांची वाद्यं आधी गप्प होतील त्यांनी वाट सोडायची आणि नवरदेवाच्या घोड्यामागून चालायचं. मास्तर वेशीत कधी हरला नव्हता. माझ्याकडं बँड नव्हता आणि उभा करायची ऐपतही नव्हती. माझ्याकडं फक्त मामा होता, आईचा धाकटा भाऊ, आणि त्याची हलगी.

महायुद्ध संपलं तसा सोलापुरात एका दुकानात इंग्रजांच्या जुन्या फौजी बँडचा माल आल्याचं कानावर आलं. त्यात सॅक्सोफोन होते. विलायतेत घडवलेले, आणि साध्या क्लॅरिनेटहूनही स्वस्त. मी दोन शेळ्या विकल्या, आमच्या निजामी हाली शिक्क्याचे इंग्रजी कलदार रुपये करून घेतले आणि सोलापूर गाठलं. दुकानाच्या पायरीवर उभं राहून एक फुंकून बघितला. आवाज असा दणदणीत निघाला की समोरचा पानवाला दुकान सोडून बघायला आला. मी जास्त घासाघीस न करता पोत्यात घालून निघालो.

परत येताना करोडगिरीच्या नाक्यावर पोतं सोडायला लावलं. निजामाच्या हद्दीत बाहेरून येणाऱ्या मालावर तिथं महसूल बसायचा. नाकेदारानं सॅक्सोफोन उलटासुलटा करून बघितला.

"ये क्या है? हुक्का?"

"वाजवायचं हाय, साहेब."

"तो बजाव."

मी जीव खाऊन वाजवला. झाडाखाली बांधलेली त्याची घोडी दावं तोडून शेतात पळाली. "ले जाव, ले जाव," तो तिच्यामागं धावता धावता ओरडला, आणि महसूल राहिला तो राहिलाच. घोडीचे उपकार मी आजही मानतो.

पण घरी आल्यावर घोड्यानं पेंड खाल्ली. दादांनी आपली क्लॅरिनेट काढली आणि ओठांनी सांभाळून एक सूर धरला. मी तोच सूर सॅक्सोफोनवर लावला. दोन्ही आवाज एकमेकांना चावायला लागले. शेजारच्या भजनाची बाजाची पेटी मागून आणली. तिची ना काळी पट्टी जुळली, ना पांढरी. सूर मधल्या फटीत कुठंतरी पडत होता. दादांनी तोंडाची नळी बाहेर ओढून बघितली, आत सारून बघितली. एक सूर जागेवर आला की दुसरा पळायचा.

"एकट्यानं वाजवलं तर गोड हाय," ते म्हणाले. "पर दुसऱ्या कुठल्या वाद्यासंगं ह्याचा जन्मात मेळ बसायचा न्हाय. फौजेची पट्टीच निराळी दिसती. उगं फेकला न्हाय त्यो त्यांनी."

दुकानदारानं मला चांगलाच बनवला होता. डोक्यात राख घालून मी सॅक्सोफोन आडात टाकायला उठलो. दादांनी माझा हात धरला. "बस खाली. हलगीला कुठं पट्टी असती? मामाला बोलीव."

त्यावर आमचं चाललं. पुढं सॅक्सोफोन, मागं हलगी, तिसरं वाद्य नाही. येरमाळ्याच्या जत्रेत वाजवलं, खेड्यापाड्यांतली लग्नं वाजवली. लोक त्याला वाकडी पिपाणी म्हणायचे आणि ती बघायला कोस कोस चालत यायचे. सॅक्सोफोनच्या तोंडाला बसवायची विलायती पाती कुठं मिळत नव्हती, म्हणून दादा लिहायच्या बोरूची पाती तासून द्यायचे. कधी ओसरीवर कुणी नसलं की ते स्वतः सॅक्सोफोन तोंडाला लावायचे. त्याचं तोंड मोठं, ओठांच्या जोरावरही धरता यायचं. आवाज थोडा थरथरायचा, पण चिरकायचा नाही. कुणाची चाहूल लागली की लगेच खाली ठेवायचे. चारचौघांत वाजवा म्हटलं की उठून आत जायचे. त्या कोटापायी माझ्या बापाला स्वतःच्या ओसरीवरसुद्धा चोरून वाजवावं लागत होतं, आणि हे बघून माझा डूख रोज ताजा होत होता.

आमचा बोलबाला ऐकून मास्तरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकदा चहाच्या हॉटेलात त्यानं मला गाठलं.

"कुठनं आणलंस रं ते?"

मी दुकानाचा पत्ता सांगितला. "स्वस्त हाय, मास्तर. त्याच मालातले आणिक चार शिल्लक हायत. फुंकून बघूनच घ्या."

मी एक शब्दही खोटा बोललो नाही. पण त्याच्या बँडची रीत मला पाठ होती. नवं वाद्य तालमीत वाजवायचं नाही. त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि बँडसंगं त्याचा पहिला सूर लग्नाच्या वेशीतच काढायचा, नाहीतर बरकत जाते, असं मास्तर मानायचा. दादांची क्लॅरिनेटही अशीच वेशीत बोलली होती. म्हणजे हा सॅक्सोफोन घेईल, एकेकटा फुंकून खूश होईल, आणि बाकीच्या वाद्यांसंगं त्याची गाठ पडेल ती थेट सगळ्या गावासमोर. मी त्याच्या चहाचे पैसेही दिले.

मास्तरनं ते चारही आणल्याचं लवकरच माझ्या कानावर आलं, आणि वेशीत आमची गाठ पडेल असं लग्न वैशाखात आलं. नवरी धाराशिवच्या एका मोठ्या लिंगायत व्यापाऱ्याची, म्हणून बँड मास्तरचा. वऱ्हाड लोहाऱ्याचं, आणि त्यांनी आम्हाला वाजवायला सांगितलं होतं. दादांना मी पाती बदलायच्या निमित्तानं बरोबर घेतलं. मास्तर काय घेऊन येणार आहे ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी जाऊन त्याला सावध केलं असतं. ते तसले होते. मी तसला नाही.

वेशीत दोन्हीकडची माणसं दाटली होती. मास्तरच्या पुढच्या रांगेत चार सॅक्सोफोन, पितळ घासून लखलखीत केलेलं, मागं क्लॅरिनेट, कर्णे, मोठा ढोल. नारळ फुटला. मास्तरनं माझ्याकडं बघून मिशीवरनं हात फिरवला आणि इशारा केला.

असला आवाज त्या वेशीनं कधी ऐकला नसेल. सॅक्सोफोन एका सुरात, क्लॅरिनेट दुसऱ्या सुरात, आणि दोघांत कुत्र्यामांजराचं भांडण. मास्तर ओरडला, "जोरात!" त्यांनी जोर केला, तसा तो कालवा आणखी वाढला. नवरदेवाची घोडी मागं सरायला लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले, पोरं पोट धरून हसली. मास्तर सॅक्सोफोनवाल्यांवर खेकसला, मग क्लॅरिनेटवाल्यांवर. कुणाचं चुकतंय तेच त्याला कळेना, कारण कुणाचंच चुकत नव्हतं. आधी क्लॅरिनेट थांबल्या, मग कर्णे. शेवटी सॅक्सोफोनही एकेक करून खाली आले. ढोलवाला तेवढा बावळटासारखा थोडा वेळ बडवत राहिला.

मी अजून एक सूरही काढला नव्हता. मी गळ्यातला पट्टा काढला आणि सॅक्सोफोन दादांच्या गळ्यात घातला. ते दचकले.

"अरं, माणसं बघत्यात."

"बघू द्या. म्हणूनच आणलंय तुमाला."

ते आत जातील असं मला वाटलं, पण तिथं आत जायला घर नव्हतं. त्यांनी एकवार मास्तरच्या अंगावरच्या लाल कोटाकडं बघितलं आणि डोळे मिटले. मामानं हलगीवर हळू ठेका धरला. दादांनी ओठ आवळले आणि सुरुवातीपासून नाही, अंतऱ्यापासून वाजवायला घेतलं. तीच वरातीची चाल, तोच चढता सूर, जिथं त्यांना थांबवून कोट काढायला लावला होता. तिथून उचलून त्यांनी ती चाल शेवटापर्यंत नेली. आवाज थरथरला, पण चिरकला नाही.

मास्तरला चाल ओळखू आली. त्याचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला. मग तो आपली माणसं घेऊन वाटेच्या कडेला सरला, आणि घोडी पुढं निघाली. त्याच्यासमोरून जाताना दादांनी डोळे उघडले नाहीत. मी उघडे ठेवले, आणि मान वळवून, पोट भरेपर्यंत त्याच्याकडं बघत गेलो.