ओस घरातला दिवा

मानमोडीच्या तापाने इंझोरीतल्या मनकर्णाबाईचा दीर, जाऊ आणि त्यांची धाकटी लेकरं एका आठवड्यात नेली. थोरला उकंडा तेवढा वाचला, कारण तो खामगावच्या कापसाच्या जिनात कामाला होता. मनकर्णाबाईने गाडीवान बबनरावाजवळ निरोप धाडला, "त्याले सांग, घरात कोणी नाही उरलं. लवकर ये."

मग पटवारी आला. म्हणाला, सरकारी बियाणं राहत्या घरालाच मिळेल आणि ज्या घरात दिवा लागत नाही त्याचं वावर बेवारस, सरकारजमा.

"वारस हाय ना, उकंडा," मनकर्णाबाई म्हणाली.

"कुठी हाय? दाखव."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला ती जावेच्या ओस घरात शिरायची आणि खिडकीत दिवा लावून यायची.

दिवाळी उलटली तरी उकंडा आला नाही. शेवटी तिने बबनरावालाच गाठलं.

"आलता ना तो," बबनराव म्हणाला. "पांदीच्या वाटेवरून खिडकीतला दिवा पाह्यला अन् तसाच पळाला. आसेगावात भेटला मले. म्हणे, माय अजून सैपाक करून राह्यली."

"अरे, दिवा मी लावतो. काहून नाही सांगितलं त्याले?"

"मले काय मालूम? आमी सारेच तिकडून जाणं सोडलं."

त्या सांजेलाही तिने दिवा लावला, कारण वावर जाऊ द्यायचं नव्हतं. पण परतताना चुलीकडे पाठ करायचा धीर तिला झाला नाही. ती उलट्या पावलांनी बाहेर आली.