आक्काला आणायला वेल्ह्याला

आक्काच्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढू लागल्या, तेव्हा मी ठरवलं की आता पत्रावर भागायचं नाही, आपणच जायचं. आक्का माझी थोरली बहीण. पंधरा वर्षं ती वेल्ह्याच्या बाजूला मिशनचं काम करते. वस्तीवस्तीवर जायचं, बायकांना पवित्र शास्त्रातलं वाचून दाखवायचं, आजारी माणसाजवळ बसून प्रार्थना करायची. मागल्या वर्षी ती पुण्याला आली होती, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, काचबिंदू आहे; गेलेली नजर परत येत नाही, आहे तीही हळूहळू जाईल. मी आक्काला म्हटलं, राहा इथंच. ती ‘बघू’ म्हणाली आणि चौथ्या दिवशी निघून गेली.

माझे यजमान जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दोन खोल्यांपैकी एक मी आक्कासाठी लावून ठेवली. रोज सकाळी देवाला एकच सांगायची, तिला त्या डोंगरावरून खाली आण, पाय घसरायच्या आत आण. ईस्टरपासून चहासुद्धा सोडला. ती येईपर्यंत घेणार नाही, असं त्याला सांगून टाकलं. चहाचं हे कोणाजवळ बोलले नव्हते.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी शिकवते त्या शाळेला जोडून पाच-सहा सुट्ट्या आल्या आणि मी निघाले.

लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून नसरापूरकडे जाणारी सर्व्हिस मोटार हल्ली कोळशाच्या गॅसवर चालते. मागे पत्र्याची उभी भट्टी बसवलेली असते. कोणी जाणार असाल तर पुढची जागा धरा. मागे बसणाऱ्याचं पातळ नसरापूरपर्यंत काळं होतं. साखर आणि थोडं रॉकेल बरोबर असू द्या, तिकडे दोन्हींची वानवा आहे. कात्रजच्या चढावर मोटारीनं दम टाकला. ड्रायव्हर म्हणाला, “उतरा मंडळी, गाडीला धाप लागली.”

“आरं, तिकीट बसायचं काढलंय का ढकलायचं?” एका पागोटेवाल्यानं विचारलं.

“बसायचंच की. उताराला बसा.”

पुरुष ढकलत होते, आम्ही बायका मागून चालत होतो. खाली दरीत धुकं साचलं होतं आणि त्यातून एखाद्या झाडाचा शेंडाच तेवढा वर आलेला. बोगदा ओलांडून पलीकडे गेल्यावर मला वाटलं, आपण झोपेतच आहोत आणि कोणीतरी आपल्याला हलक्या हातानं पुढे नेत आहे. पुढे भोर संस्थानाची हद्द लागली, एवढं कोणीतरी बोलल्याचं आठवतं. बाकी सगळं धुकंच.

नसरापूरला ओळखीच्या नर्सबाईंकडे रात्र काढली आणि पहाटे धोंडिबाच्या बैलगाडीत बसले. तो बाजारात तांदूळ घालून रिकामा परतत होता. दीड रुपयात वेल्ह्यापर्यंत न्यायचं ठरलं. गाडीत पेंढा, पेंढ्याला आंबेमोहराचा वास. बैलांच्या घुंगरांवर डोळे मिटायचे, चाक दगडावर चढलं की उघडायचे. एकदा उघडले तेव्हा गुंजवणी नदीचं पाणी उन्हानं पांढरं झालं होतं. एकदा उघडले तेव्हा समोर राजगड होता, आणि पुन्हा मिटून उघडले तरी तो तिथंच, तेवढ्याच अंतरावर. झुंजुरक्यापासून दिवेलागणीपर्यंतचा प्रवास आहे. भाकरी बांधून घ्या, वाटेत नदीकाठी सावली चांगली मिळते.

“येल्ह्याला कुणाकडं म्हनायचं, बाई?” धोंडिबानं विचारलं.

“आक्काकडे. मिशनच्या.”

“आक्काबायकडं? मंग तुमी धाकल्या!” त्यानं मागे वळून मला नीट पाहून घेतलं. “लई सांगत्यात तुमचं.”

“काय सांगते?”

“की आमची सुलू लई हुशार हाय.” मग बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आन् हट्टी.”

आक्काचं घर म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली आणि पुढे पडवी. ती पडवीत उभी होती. माझा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला आणि इतका जवळ नेला, की मला कळलं, पत्रांत तिनं जे लिहिलं नव्हतं ते काय होतं.

तिनं गुळाचा चहा पुढे केला. मी नको म्हटलं.

“गुळाचा म्हणून नको?”

“सोडलाय.”

“कधीपासून?”

“ईस्टरपासून.”

आक्कानं स्वतःचा कप संपवला, मग माझाही घेतला. पिता पिता हसत होती. मला राग आला, आणि अंथरुणावर पडल्यावरही तो निवला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हांला डोंगरावरच्या धनगरवस्तीवर जायचं होतं. तिथल्या ठकूबाईची म्हैस पावसाळ्यात मरायला टेकली होती. आक्का तिच्याजवळ रात्रभर बसली, प्रार्थना केली, म्हैस उठली. तेव्हापासून ठकूबाईचे निरोपावर निरोप येत होते. मी मनाशी ठरवलं होतं, हीच संधी. त्या चढावर आक्का कशी चालते ते डोळ्यांनी पाहायचं आणि तिथंच तिला सांगायचं, बघ, तुला आता जमत नाही.

गावाबाहेर एक बाई लांब काठी घेऊन उभी होती. तिनं काठीचं एक टोक आक्काच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि पुढे चालू लागली. मी मागून. ओढ्यापाशी दुसरी बाई उभी होती. तिनं काठी घेतली, पहिली शेताकडे वळली. वर खिंडीत तिसरी. कोणी कोणाला हाक मारली नाही की काही सांगितलं नाही.

“हे कधीपासून?” मी तिसरीला विचारलं.

“भाताच्या लावनीपास्नं. आक्काबायचं जायाचं दिस ठरल्यालं हायती, आमचंबी ठरल्यालं.” मग म्हणाली, “वाट तिला पाठ हाय, बाई. पर पावसानं दगुड हालत्यात. ते तिला कसं कळावं?”

“एवढा त्रास घेता...”

“मंग? ही पडली तर आमच्यापाशी बसाया कोन येनार, तुमी?”

मी पुढे चालू लागले. वर गवत पिवळं पडलं होतं आणि वाऱ्यानं सबंध डोंगर एका अंगानं वाहतो आहे असं दिसत होतं. त्या गवतात आक्काचं पांढरं पातळ आणि पुढे काठीचं टोक. पाय घसरायच्या आत आण, असं मी रोज म्हणत होते. तो पाय कुठं पडतो हे बघणारी माणसं इथं होती. ती मी मागितलेली नव्हती.

वस्ती म्हणजे पाच-सहा झोपड्या. ठकूबाई म्हातारी, काटक. तिनं अंगणात घोंगडी टाकली आणि पाय बांधलेला एक तांबडा कोंबडा आक्कासमोर आणून ठेवला.

“घ्या. तुमच्या येसूबाबाला बोलले हुते. म्हस उठली तर कोंबडा दीन म्हनून.”

आक्का म्हणाली, “ठकूबाई, तो कोंबडा घेत नाही गं. चार महिने मी काय सांगतेय?”

“घेत न्हाई म्हंजी? रागावलाय व्हय?”

“रागावला नाही.”

“मंग बकरं पायजे का त्याला?”

“काहीच नको त्याला.”

ठकूबाईचा चेहरा खरोखर घाबरला. “असं कसं, आक्काबाय? आमच्या मेंगाई देवीला कौल लावला का फूल उजवीकडं पडतंय, न्हाईतर डावीकडं. कोंबडं घेतलं का ती आन् आमी मोकळं. ह्यो घेत न्हाई, बोलत न्हाई. उद्या वाकडा झाला तर म्या काय करू? ज्यानं कायबी घेतलं न्हाई त्याचं कसं समजायचं?”

मी बाजूला बसून ऐकत होते आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. म्हातारीचा कोंबडा होता, माझा चहा होता. तिला निदान भीती वाटत होती. मी तर सौदा करून हक्कानं बसले होते.

आक्का म्हणाली, “तो बाप आहे, ठकूबाई. तुझा बाप तुला लुगडं घेऊन आला, तर तू त्याला लुगड्याचे पैसे देशील का?”

“पैसं कशाला दीन? बाप आला तर कोंबडा कापून, रांधून घालीन त्याला!”

आक्का मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. “कर बाई,” ती म्हणाली, “रांध. आम्ही जेवून जाऊ.”

तास-दीड तासानं आम्ही अंगणात पानावर जेवलो. नाचणीची भाकरी आणि घाम फोडणारा रस्सा. घरातली माणसं उंबऱ्याच्या आत बसली, आम्ही बाहेर. ख्रिस्ती माणसांसाठी रीत होती ती. पण ठकूबाई स्वतः उंबऱ्यावर बसली आणि आग्रह करकरून वाढत राहिली. जेवणाआधी आक्कानं मला प्रार्थना करायला सांगितलं. मी उभी राहिले, डोळे मिटले, पुण्याच्या ख्रिस्ती देवळात करते तशी लांबलचक प्रार्थना केली. देवाला आक्काच्या डोळ्यांची हकिकत सांगितली, डॉक्टरांचं मत सांगितलं, वाटेची अवघडता सांगितली.

आमेन म्हटल्यावर ठकूबाई सुनेच्या कानाशी लागली, पण ऐकू मलाही आलं. “ह्या धाकल्या देवाला लई समजावून सांगत्यात गं. त्याला ठावं न्हाई व्हय?”

उतरताना खिंडीत काठीवाली बाई मोळी बांधायला थांबली आणि आम्ही दोघी एका खडकावर टेकलो. तोरण्याची सावली खालच्या खाचरांवरून सरकत होती. मी म्हटलं, “आक्का, पुण्याला चल. मी वर्षभर मागतेय.”

“मला माहीत आहे.”

“तू काय मागतेस?”

“इथं राहायला मिळावं म्हणून.”

“मग तो कोणाचं ऐकणार?”

“दोघींचं ऐकतोच आहे, सुलू. वर्षभर ऐकतोय.” तिनं माझा हात चाचपून धरला. “पण तू माझे डोळे पुढे करून मागतेस. तुझं घर रिकामं झालंय. तेच सांग ना त्याला. कोंबडा नको, चहा नको, एवढं मोठं भाषण नको. घर रिकामं आहे म्हण.”

मी रडले, पुष्कळ रडले. एवढी तर यजमानांच्या अंत्यविधीलाही रडले नव्हते. आक्कानं डोक्यावरून हात फिरवला नाही, समजूत घातली नाही, नुसती माझा हात धरून बसली. आजाऱ्यांजवळ ती काय करते, ते मला तेव्हा कळलं. मोळी बांधून बाई आली, आमच्याकडे पाहिलं आणि मोळी सोडून पुन्हा बांधायला बसली.

सगळं निवल्यावर मी मनातल्या मनात एकच वाक्य म्हटलं, घर रिकामं आहे. फूल उजवीकडे पडलं नाही, डावीकडेही नाही. पण वाक्य कुठंतरी पोचलं आहे, असं खाली उतरेपर्यंत वाटत राहिलं. त्या वेळची ऊन उतरल्यानंतरची हवा अजून अंगावर आहे.

चौथ्या दिवशी धोंडिबाची गाडी होती. निघण्यापूर्वी आक्कानं चहा केला. मी घेतला. तिनं त्यावर काही टीका केली नाही, थोरल्या बहिणीला हे किती अवघड जातं ते मला माहीत आहे. ती गाडीपर्यंत आली आणि म्हणाली, “आंब्याच्या दिवसांत पंधरा दिवस येईन. मागू नकोस, येईन.”

परत येऊन आता तीन आठवडे झाले. मैत्रिणी विचारतात, तिकडे पाहण्यासारखं काय आहे? राजगड आहे, तोरणा आहे, नदी आहे, थंडीत जाल तर डोळ्यांना सुख आहे. मला विचाराल तर खिंडीपर्यंत जरूर चालत जा, घाई करू नका. मी गेले ती रिकामी परत आले, असं शेजारणींना वाटतं. घर तेवढंच रिकामं आहे, हे खरं. पण आता सकाळी मी तिथं बसते तेव्हा एकटी बसत नाही. याहून नीट मला सांगता येत नाही.

बुधवारी आमच्या बायकांची प्रार्थनासभा असते. कोणासाठी काय मागायचं त्याची यादी एका वहीत असते, आणि सेक्रेटरीबाई ती वाचतात. या बुधवारी चौथी ओळ आली: ‘सुलोचनाबाईंच्या भगिनी पुण्यास सुखरूप परत याव्यात.’ बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आल्या का हो? प्रार्थना फळली का? नाव खोडू?”

“नाही,” मी म्हटलं, “नाव राहू द्या. पुढचं खोडा.”

“मग मागायचं काय त्यांच्यासाठी?”

“काही नाही. नुसतं नाव घ्या.”

बाईंनी टाक दौतीत बुडवून पुढचे शब्द सरळ रेघेनं खोडले, आणि आम्ही सगळ्या गुडघ्यांवर बसलो.