खोडलेल्या शब्दाची जागा

जोतीराम सोंगाड्याच्या तोंडाला कधी लगाम नव्हता. तमाशात उभा राहिला, की भट, वाणी, पाटील, कुणाची खैर नाही! लिहिता-वाचता काही येत नव्हतं. सुचेल ते तिथंच बोलायचा. आणि बावन्न सालात निघालं काय, तर म्हणे आधी वग कागदावर उतरवून कचेरीत दाखवा. जातीजातींत वैर वाढेल असं काही सापडलं, तर परवाना नाही. परवाना नाही तर जोतिबाच्या यात्रेत खेळ नाही, आणि खेळाशिवाय जोतीरामाला दुसरं येत होतं काय? कपाळ!

कचेरीत कागद तपासायला नृसिंहपंत. गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं पेटवली, त्या अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत त्यांचं घर गेलेलं, हे अख्ख्या पेठेला ठाऊक. जोतीरामानं दुसऱ्याकडून लिहवून आणलेला वग वाचत वाचत पंत लाडवाच्या विनोदावर थांबले. त्यात राजा विचारतो, "एकोणीस लाडू खाऊन विसावा उपरण्यात बांधणारा त्यो कोन रं?" सोंगाड्या म्हणतो, "भट!" पंतांनी 'भट' या शब्दावर काट मारली.

"मनात राग धरलासा व्हय, रावसाहेब?" जोतीरामानं तोंडावरच विचारलं.

"अहो, मलाही हसू आलं," पंत म्हणाले. "पण खाली सही माझी जाते."

जोतीराम कसला ऐकतोय! पेठ वडगावच्या बाजारात दुपारचा खेळ लागला. राजानं विचारलं, "कोन रं त्यो?" यानं तोंडावर बोट ठेवलं आणि लोकांकडं नुसतं बघितलं. लोकच ओरडले, "भट!" हशा असा, की कनात हलली. बेटा खूष! कायदाही पाळला आणि विनोदही दुप्पट वाजला. चार गावं त्यानं असंच केलं.

पाचव्या गावात लोक "भट!" म्हणाले, हसले, आणि मागून एकजण ओरडला, "जाळा त्याला!" तो हसतच ओरडला होता. त्यावर आणखी दहाजणांनी तेच धरलं.  एवढा तोंडाळ गडी, पण जोतीरामाला पुढचं वाक्य आठवेना. खेळ कसाबसा उरकला.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत हजर. "रावसाहेब, लाडवाचं समदंच खोडा."

"शब्द तर काढलाय."

"शब्द काढलासा, जागा ऱ्हायली की. लोकांनी तिथं नगं ते भरलं." त्यानं घडलेलं सगळं सांगितलं.

पंतांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "उरलंय त्यात कायद्यानं काही गैर नाही, जोतीराम. मला ते खोडता येत नाही. म्हणायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा."

आता कुणीच नको म्हणत नव्हतं, आणि हेच त्याला जड गेलं. सगळ्यात जास्त वाजणारा विनोद होता तो! जीव तुटत होता. "दौत-टाक द्या हिकडं," तो म्हणाला. "आन् कुठं लिवलंय, तेवढं दावा."

पंतांनी ओळीवर बोट ठेवलं. टाक कसा धरतात हेही जोतीरामाला ठाऊक नव्हतं. मुठीत धरून त्यानं ओळीवर रेघ ओढली, जन्मातली पहिली.