टेकडीवरचं कुंपण

तिला सगळे दांडगी म्हणत. सख्खी आईसुद्धा. लहानपणी गुरं राखताना एका दलालाने तिच्या पाठीत चाबूक ओढला, तर तिने तोच चाबूक हिसकावून त्याचं तोंड फोडलं. बापाने घरी आणून तिला बडवलं आणि मग तो शेजाऱ्यांत बसून सांगत राहिला, पोरगी दांडगी आहे म्हणून. नाव चिकटलं ते चिकटलंच.

पुढे लग्न झालं. नवरा हात उचलायचा. एके दिवशी तिनेही उचलला आणि बोचकं घेऊन माहेरी आली. बाप तोवर गेला होता. थोरल्या भावाने, दादाने, काही विचारलं नाही. "गोठ्याशेजारची खोली रिकामी आहे," एवढंच म्हणाला. गुरांवर जगणारं घर. त्यात आणखी एक तोंड. पण वहिनीनेही कधी वाढताना हात आखडला नाही.

टेकडीवर प्रकल्प आला तेव्हा दांडगी तिथे ट्रॅक्टर चालवायला लागली. काही देशांच्या संशोधन केंद्रांनी मिळून तो काढला होता. उन्हात तग धरणारी ज्वारी एका देशातून आली, माती तपासायची यंत्रं दुसऱ्या देशातून. टेकडीची माती धुपून नुसता मुरूम उरला होता. तिच्यावर शेंगांची पिकं घ्यायची, धाटं तिथेच कुजू द्यायची, मातीत पुन्हा जीव आणायचा, असं काम. परदेशातून आलेली एक बाई दिवसभर माती चिमटीत चोळत फिरायची. तिला सगळे मातीबाई म्हणत. काम चांगलंच होतं. फक्त त्या टेकडीवर पिढ्यान्पिढ्या गुरं चरत होती आणि कुंपण घालताना गुराख्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग पाऊस दडी मारून बसला. कुंपणाच्या आत ज्वारी कमरेला लागली आणि बाहेर गुरं बसल्या जागी मरू लागली. दादाची म्हातारी गाय उठेना. तीन वेळा तिला बांबू घालून उभी केली, तीन वेळा ती कोसळली. शेवटी दादाने कुऱ्हाड घेतली. पहिला घाव चुकला. गाय ओरडत राहिली आणि दादा रडत घाव घालत राहिला. अंगभर रक्त घेऊन तो दांडगीसमोर आला.

"तुझ्या कुंपणाच्या आत हिरवं आहे ना?"

"दादा, मी साहेबांशी बोलते."

"बोल. मी गुरं पुरतो तोवर."

ती बोलली. मातीबाईही बोलली, एक कोपरा तरी उघडा म्हणून. प्रकल्पाच्या साहेबाने दोघींना उभ्या उभ्या ऐकून घेतलं. "गुरं आत आली की प्रयोग गेला. करार आहे," तो म्हणाला आणि त्याने बंदूकवाला पहारेकरी नेमला. दुसऱ्याच आठवड्यात त्या पहारेकऱ्याने तारेतून तोंड घातलेलं एक वासरू गोळी घालून पाडलं आणि जाब विचारायला आलेल्या म्हाताऱ्या गुराख्याचे दात बंदुकीच्या दस्त्याने पाडले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टेकडीखालच्या गुराख्यांच्या तिन्ही वस्त्या चालून आल्या. कुऱ्हाडी, काठ्या, गोफणी. तारा तुटल्या. पहारेकऱ्याची एक गोळी हवेत गेली. दुसरी घालायला त्याला सवड मिळाली नाही. दगडाने त्याचं डोकं फुटलं, तरी लोक मारतच होते. साहेब मागच्या दाराने गाडीतून निघून गेला. मातीबाईला केसांना धरून तपासणीच्या खोलीतून ओढत आणलं. काचेच्या बरण्या फुटल्या आणि त्या काचांवरून तिला फरफटवलं.

दांडगी वरच्या पट्ट्यात नांगरत होती. ते पाहून तिने ट्रॅक्टर वळवला आणि सरळ गर्दीत घातला. माणसं बाजूला उडाली. एकच हलला नाही. दादा कुऱ्हाड घेऊन मधोमध उभा राहिला. बहीण थांबेल असं त्याला वाटलं. भाऊ हटेल असं तिला वाटलं. एकाच बापाची ती दोघं. तिने ब्रेक मारला तेव्हा चाक त्याच्या पायावर चढलं होतं. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या घरघरीतही ऐकू आला.

लोकांनी तिला सीटवरून खाली खेचलं. कुणीतरी काठी तोंडावर घातली, जबडा निखळला. हाताची दोन बोटं कुऱ्हाडीच्या दांड्याखाली चेचली. ती तशीच रांगत दादाजवळ गेली. रक्ताने भिजलेली मातीबाई आधीच तिथे पोचली होती. तिने कमरेचा पट्टा काढून दादाच्या मांडीला आवळला. "दाब, दाब," ती मोडक्यातोडक्या भाषेत म्हणत राहिली. दांडगीने चेचलेल्या हाताने दाबून धरलं. तेव्हा कुठे लोकांचे हात थांबले.

पहारेकरी मेला. दादाचा पाय गुडघ्याच्या वर कापला. गुराख्यांतले बरेच जण तुरुंगात गेले. वहिनीने दांडगीचं सामान अंगणात फेकलं आणि सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली. मोडक्या जबड्यावर. दांडगीने तोंड वळवलं नाही. ती प्रकल्पाच्या ट्रॅक्टर-शेडमध्ये राहायला गेली.

पुढे भागीदार देशांची माणसं आली. त्यांतल्या एकाच्या देशात असंच रक्त सांडून झालं होतं. तो म्हणाला, कुंपण परत घालायचंच असेल तर गुराख्यांनी घालावं. साहेबाची बदली झाली. कापणीनंतर गुरं पाळीपाळीने आत सोडायची, धाटं त्यांनी खायची, शेण मातीला मिळायचं, असं ठरलं. मातीबाई म्हणाली की हे मातीला चांगलंच आहे, पहिल्यापासून चाललं असतं.

पहिल्या कापणीचा चारा दांडगीने भावाच्या दारी नेला. दादाने ओसरीवरून कुबडी फेकून मारली. कपाळ फुटलं. तिने कुबडी उचलली, त्याच्या हाताला लागेल अशी ठेवली आणि परत फिरली. पुढच्या खेपेला त्याने काही फेकलं नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही. ती पेंढ्या उतरवून जायला निघाली तेव्हा म्हणाला,

"वैरण ओली आहे. अशी रचलीस तर कुजेल."

तिने पेंढ्या सोडल्या आणि एका हाताने अंगणभर पसरत बसली. आतून वहिनी आली. तीही दुसऱ्या टोकाने पसरू लागली.