बिनपंख्याचा कॉम्प्युटर

आमच्या गल्लीत कुणाची स्कूटर बिघडली की मेकॅनिककडे जाण्याआधी ती काकांच्या दारात उभी राहायची. काका पायरीवर बसत, डोळे मिटत आणि म्हणत, "मार किक." थोडा वेळ ऐकून सांगत, "चेन ढिली हाय. इंजनाला हात लावू देऊ नको त्याला." सगळे त्यांना कानवाले काका म्हणत. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. उमेदीची वर्षं त्यांनी कोल्हापुरातल्या एका फिल्म स्टुडिओत साउंड रेकॉर्डिंगला काढली. तिथलं काम आटल्यावर ते नाटकांची, गाण्याच्या कार्यक्रमांची माइक-स्पीकरची व्यवस्था बघू लागले. रिकाम्या हॉलमध्ये शिरताच ते एक टाळी वाजवत. त्या टाळीवरून स्पीकर कुठं टांगायचे ते ठरे. त्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

मला त्यांची भीती वाटायची. बशीवर कप जरा जोरात टेकला तरी ते मान वर करून बघत. मी मुळातच कमी बोलणारी. त्यात इंग्लिश मिडियमचं माझं मराठी नातेवाइकांत हसण्यावारी जाई, म्हणून आणखी गप्प झाले. काकांना मात्र ते आवडायचं. "ही पोरगी नको तिथं आवाज करत न्हाय," असं ते पाहुण्यांना सांगत. दुसरं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नाही, आणि हे एवढंसुद्धा मी जपून ठेवलं होतं.

मी इंजिनियरिंगला असताना त्यांनी एकदा बोलावून घेतलं. "मला एक कॉम्प्युटर करून दे. बारका. टीव्हीच्या खाली बसंल असा. आमच्या स्टुडिओतले सगळे पिक्चर त्यात भरायचे. पण आवाज चालणार न्हाय."

"कमी आवाजाचा करते," मी म्हणाले.

"कमी न्हाय. अजिबात नको."

त्यांचं म्हणणं, हल्लीची सगळी यंत्रं वाजतात. घरात सतत एक बारीक घूं चालू असतं. त्यापायी त्यांनी फ्रिज मागच्या खोलीत नेला होता, ट्यूबचा चोक बदलला होता, डीव्हीडी प्लेअर भाच्याला देऊन टाकला होता. उन्हाळ्यातसुद्धा छताचा पंखा बंद ठेवून ते घाम पुसत बसत. घाईचं कारणही होतं. एका मोठ्या नाट्यगृहाची दुरुस्ती चालली होती आणि तिथल्या आवाजाची सगळी व्यवस्था समितीनं त्यांच्यावर सोपवली होती. "त्याच्या आधी रोज शांत बसून ऐकलं पायजे. कानाला धार लावायची हाय," ते म्हणाले.

मी मान हलवली. पण मी काही गोष्टी बघून ठेवल्या होत्या. मागून हाक मारली की काका वळत नसत. समोर बसलेल्याच्या ओठांकडे बघत. काकू मुळात हळू आवाजाची बाई, ती अलीकडे घरभर ओरडून बोलत होती. आणि स्कूटर तपासताना काका आता डोळे मिटायचे खरे, पण एक हात सीटवर ठेवायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कानवाल्या काकांना ऐकू येत नाही, हे कोल्हापुरात बोलायचं म्हणजे त्यांच्या नावावरच घाव घालणं होतं. आणि नाट्यगृहात चार लोकांसमोर चूक झाली असती, तर ते नाव त्या दिवशीच संपलं असतं.

प्रोसेसर घ्यायला आम्ही शाहूपुरीतल्या दुकानात गेलो. लहान डब्यातल्या कॉम्प्युटरची अडचण अशी, की प्रोसेसर जितका वेगवान तितका तापतो, आत हवेला जागा नसते, मग त्याच्यावरचा छोटा पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो. आवाज त्याचाच. म्हणून मी वेगाकडे न बघता कोण किती तापतं तेवढंच बघत होते. बोर्डावरच बसवलेला एक साधा प्रोसेसर होता. त्याला पंखा लागत नव्हता, वर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ठोकळा पुरत होता. पिक्चर दाखवण्यापुरता तो पुरेसा होता.

दुकानदाराला ते पटेना. त्यानं दुसरा, वेगवान प्रोसेसर पुढं केला. "ताई, ह्यो बघा, शर्यतीचा बैल हाय. ती तुमी धरलीया ती म्हातारी म्हस."

मी त्याला उत्तर देणार नव्हतेच. काका त्याच्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "म्हस दूध देती. तुझा बैल काय आमच्या हॉलमध्ये पळवू व्हय?"

दुकानदार हसला. मी मात्र वेगळाच हिशेब करत होते. आवाज करणारा एखादा प्रोसेसर घेतला असता, तर काकांना दोष द्यायला पंखा राहिला असता. फ्रिज झाला, ट्यूब झाली, आता हा पंखा, असं त्यांना आणखी काही महिने म्हणता आलं असतं. मी जितकी शांत वस्तू बनवेन तितकी त्यांची पळवाट बुजत जाणार होती. पण त्यांनी मागितली होती शांत वस्तू. मी म्हशीवरच बोट ठेवलं.

चार-पाच दिवस मी तो डबा घरी जुळवत होते. हार्ड डिस्कची थरथर पत्र्याला लागू नये म्हणून ती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगली. सलग दोन पिक्चर चालवून ठोकळ्याला हात लावला, तर चहा पिऊन झालेल्या कपाइतका कोमट. एरवी मला आनंद झाला असता.

रविवारी दुपारी काकांकडे तो टीव्हीखाली ठेवला. काकू दारात मटार सोलत बसली होती. काका खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले. त्यांच्याच स्टुडिओतला जुना पिक्चर मी लावला. नायिका विहिरीवर काहीतरी बोलत होती आणि मधेच पडदा काळा झाला. लोडशेडिंग. शेजारचा मिक्सर थांबला, गल्लीतली पिठाची गिरणी थांबली. सगळीकडे शांत झालं.

काका डोळे न उघडता म्हणाले, "थांबवलास ते बरं केलंस. आता ह्याचा पंखा तेवढा बंद कर की."

काकूचे हात थांबले. मी डब्याकडे बघत उभी राहिले.

"घूं करायलाय बघ अजून," काका म्हणाले.

"काका, लाइट गेलीय," मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन खाली बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "लाइट गेलीय. आणि ह्याच्यात पंखाच नाही."

त्यांनी डोळे उघडले. काळ्या पडद्याकडे बघितलं, वरच्या ट्यूबकडे बघितलं. मग उठून डब्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला वाटलं, आता ते मला घराबाहेर काढणार.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं. पण ते काकूला विचारत होते.

"मला कवाचं ठाऊक हाय," काकू म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"वराडूनच बोलायलोय की दोन वर्सं. आणि काय बोलू?"

काका खुर्चीत बसले. काकूनं पुन्हा मटार सोलायला घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीच्या अध्यक्षांना घरी बोलावलं आणि मलाही. चहा यायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "माझा कान गेलाय. बाहेरचं ऐकू येत न्हाय, आत नुसतं घूं चालू असतं."

"चेष्टा करताय व्हय काका?"

"चेष्टा कशाला करू? डोकं शाबूत हाय. कान हिचा घेतो. पटत असंल तर सांगा, न्हायतर दुसरा माणूस बघा."

मला विचारलंसुद्धा नव्हतं. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. त्यांना ते पटलं नव्हतं, पण काकांना नाही म्हणायचं धाडसही त्यांना झालं नाही.

काका आता नाहीत. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ते गेले. आज मी भरल्या मीटिंगमध्ये उभी राहून बोलते, तेव्हा मला ते नाट्यगृह आठवतं. खुर्च्या अजून बसवायच्या होत्या, सिमेंटचा वास येत होता. काका रंगमंचावर होते. मला त्यांनी पार मागच्या भिंतीला उभं केलं होतं. गवंडी, सुतार, अध्यक्ष, सगळे हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत होते. काका नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ऐकू येतंय का?"

मी हात वर केला.

"हात नको," काका म्हणाले. "तोंडानं सांग. मला हितं ऐकू आलं पायजे."