उठून ‘या’ म्हणणारे काका

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे म्हातारे काका बसून कुणाला ‘या’ म्हणत नाहीत. कुणीही दिसलं की खुर्चीतून ताडकन उठतात, "या की पावणं!"

डॉक्टरांनी त्यांचं बीपी आधी झोपवून, मग उभं करून मोजलं. झोपल्यावर ठीक, उभं राहताच घसरतं. "एकदम उठू नका," ते म्हणाले.

"पावणं दारात आनी मी बसून? लाज हाय की मला!"

मागच्या आठवड्यात मला बघून उठले आणि चौकट धरायच्या आतच त्यांचा तोल गेला. मी कसंबसं सावरलं. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाले, "च्या घेऊन जावा."

तेव्हापासून मी मागच्या गल्लीनं जातो. काल त्यांची सून बाजारात भेटली.

"तुमी रागावलाय काय? मामंजी रोज तुमची वाट बघत दारात उभं असत्यात."